मुचलका

आज जरा लांबलचक लिहितोय, सवडीने वाचा.

गेल्या महिन्यात आदिलाबादला एका लग्नात पंगत उठल्यावर एका ताईंनी मला बाजूला घेतलं. इकडचं तिकडचं बोलून झालं आणि मग हळूच म्हणाल्या, "भाऊ, तुम्ही कोर्टात होता ना इतकी वर्षं? दारू-गांजाच्या पोरांना कोर्ट इलाजासाठी पाठवतं म्हणतात. खरं आहे का?" कुणासाठी विचारताय, हे मी विचारलं नाही आणि त्यांनीही सांगितलं नाही. मी म्हटलं, "हो, तसा कायदा आहे." घरी आल्यावर मात्र वाटलं, हे उत्तर अर्धंच दिलं. उरलेलं अर्धं सांगायचं तर आमच्याच घरातली गोष्ट सांगावी लागते. ज्याची गोष्ट आहे त्याला विचारूनच लिहितोय. "नाव नको टाकू, बाकी टाक," म्हणाला.

माझे वडील इथल्या कचेरीत अर्जनवीस होते. बाहेर झाडाखाली चटई, लाकडी पेटी, दौत नि टाक. मराठीत ऐकायचं आणि उर्दूत लिहायचं, हा त्यांचा धंदा. माणूस रडत रडत पाऊण तास सांगायचा, वडील त्याच्या आठ ओळी करायचे. पुढे कोर्टात तेलुगू नि इंग्रजी आली आणि मी वकीलसाहेबांकडे गुमास्ता म्हणून लागलो. चौतीस वर्षं केलं. भाषा बदलल्या तरी वडिलांच्या वेळचे काही शब्द कचेरीतून गेलेच नाहीत. वकालतनामा, तारीख, हजेरी, जामीन. त्यातलाच एक मुचलका. मुचलका म्हणजे सरकारला लिहून दिलेला शब्द : मी असं वागेन, नाही वागलो तर इतके रुपये भरेन. ह्या गोष्टीत हा शब्द पुन्हा येणार आहे.

आता थोडा इतिहास. निजामाच्या काळात आबकारी हे सरकारच्या उत्पन्नाचं मोठं साधन होतं. शिंदी, ताडी, मोहाची दारू, सगळ्याचे मक्ते. गोंडांच्या देवकार्यात मोहाच्या दारूला मान, पण ती गाळायची तर आबकारीच्या माणसाची भीती. म्हणजे पिण्यावर सरकारचं लक्ष होतं, पण ते पैशासाठी. पिणाऱ्याचं काय होतं हा सरकारचा प्रश्न नव्हता. तो घरातल्या बायकांचा प्रश्न होता.

अफूचं तसंच. शेतात जाणाऱ्या आया तान्ह्या बाळांना अफू चाटवून झोपवायच्या, हे आपल्यापैकी जुन्या मंडळींना माहीत असेल. स्वातंत्र्यानंतर सरकारने ठरवलं की औषध सोडून अफूचा बाकी वापर दहा वर्षांत बंद करायचा, आणि १ एप्रिल १९५९ पासून तो बंद झाला. ज्यांना सुटणारच नाही त्यांची नोंद करून, डॉक्टरच्या दाखल्यावर ठरावीक अफू मिळायची. माझ्या आजीच्या थोरल्या भावाकडे असा पास होता. लहानपणी मला तो रेशन कार्डासारखाच काहीतरी कागद वाटायचा. आज विचार करतो तेव्हा लक्षात येतं, व्यसनी माणसाला गुन्हेगार न म्हणता आजारी म्हणणारा सरकारी कागद मी पहिल्यांदा पाहिला तो त्यांच्या फडताळात.

मग १९५६ साल आलं. राज्यांची पुनर्रचना झाली, आपल्या जिल्ह्यातला किनवट आणि राजुरा तिकडे मुंबई राज्यात गेला, आपण इकडे आंध्र प्रदेशात राहिलो. मामाचं गाव एका राज्यात नि आत्याचं दुसऱ्या, हे आपल्या घराघरात आहे. दारूच्या कायद्याचीही तशीच वाटणी झाली. मुंबई राज्याचा १९४९ चा दारूबंदी कायदा, त्यात परवान्याशिवाय पिणं हाच गुन्हा. गंमत म्हणजे आजही महाराष्ट्रात कागदोपत्री दारू प्यायला परवाना लागतो, आणि तो दिला जातो प्रकृती राखण्यासाठी! आपल्याकडे मात्र साराचे लिलाव. (सारा म्हणजे शेतसारा नव्हे, तेलुगूतला सारा, म्हणजे अर्क.) ऐंशीच्या दशकात एन. टी. रामाराव यांच्या सरकारने 'वारुणी वाहिनी' नावाने तो प्लास्टिकच्या पाकिटांतून गावोगाव पोचवला. पाण्याचा नळ नसलेल्या गावात साराचं पाकीट वेळेवर यायचं.

ह्याच रामारावांनी पुढे दारूबंदी केली, तीही बायकांमुळे. १९९२ मध्ये नेल्लूर जिल्ह्यातल्या दुबगुंटा गावच्या बायकांनी, रोशम्मांच्या पुढाकाराने, साराचं दुकान बंद पाडलं. साक्षरतेच्या वर्गातून पेटलेली ती चळवळ राज्यभर गेली. १ ऑक्टोबर १९९३ ला सारा बंद झाला, १६ जानेवारी १९९५ ला संपूर्ण दारूबंदी आली आणि १९९७ मध्ये ती उठली.

ती दोन वर्षं मी कोर्टात बसून पाहिली. रोज दारूच्या केसेस. कुणाकडे दोन बाटल्या, कुणाकडे गुडुंब्यासाठी काळा गूळ. डोल्लाऱ्याचा पूल ओलांडला की पलीकडे पाटणबोरी, तिथे सगळं मिळायचं. संध्याकाळी पुलावरून माणसं सायकलीने जायची नि रात्री सायकल हातात धरून परत यायची. (पुढे २०१५ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यात दारूबंदी झाली तेव्हा उलटं झालं, तिकडची माणसं इकडे यायला लागली.) त्या केसेसमध्ये किती माणसं हात थरथरत उभी असायची. दंड व्हायचा, सुटायची, पुन्हा यायची. "ह्याला डॉक्टर दाखवा" असं कुणी म्हटलेलं मला आठवत नाही. मीही म्हटलं नाही. आमच्यासाठी तो 'पिऊन आलेला' माणूस होता.

खरं तर रोज पिणाऱ्याची दारू एकाएकी तुटली की दोन-तीन दिवसांत झटके येऊ शकतात, भास होतात, जीवही जाऊ शकतो. आपल्या तेलंगणाने हे २०१५ च्या सप्टेंबरात पाहिलं. भेसळीच्या कल्लूवर, म्हणजे ताडीवर, धाडी पडल्या. त्यात क्लोरल हायड्रेट नि अल्प्राझोलामसारखी झोपेची औषधं मिसळलेली असायची. ती बंद होताच निजामाबाद, महबूबनगर भागात माणसं थरथरत, बरळत दवाखान्यात यायला लागली. धाड पडली ते बरोबरच होतं. पण धाडीच्या मागोमाग डॉक्टरही जायला हवा होता.

आता ताईंच्या प्रश्नाकडे येतो.

१४ नोव्हेंबर १९८५ पासून आपल्याकडे अमली पदार्थांचा कायदा आहे, ज्याला सगळे एनडीपीएस म्हणतात. जबर कायदा. आपल्या जिल्ह्यात कापसाच्या नि तुरीच्या तासांत गांजाची झाडं लावल्याच्या केसेस होतात त्या ह्याच कायद्याखाली, आणि लागवडीला दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आहे. पण ह्याच कायद्यात कलम ३९ आहे. कुणी नशा केल्याबद्दल किंवा थोडा माल जवळ बाळगल्याबद्दल दोषी ठरला (गांजा असेल तर 'थोडा' म्हणजे एक किलोपर्यंत) आणि तो व्यसनी आहे असं कोर्टाला दिसलं, तर कोर्ट त्याला लगेच शिक्षा न देता इलाजासाठी सोडू शकतं. त्याचं वय, वागणूक, तब्येत पाहून. दवाखाना सरकारी किंवा सरकारमान्य हवा. त्याने मुचलका लिहून द्यायचा : वर्षाच्या आत इलाजाचा अहवाल घेऊन हजर होईन, तोवर असा गुन्हा करणार नाही. कोर्टाला वाटलं तर जामीनदारही मागतं. अहवाल चांगला आला तर समज देऊन सोडतं, आणि जास्तीत जास्त तीन वर्षांसाठी चांगल्या वागणुकीचा मुचलका घेतं.

आणि एक अट आहे, सगळ्यात महत्त्वाची. त्याची संमती हवी. इलाज जबरदस्तीने नाही.

चौतीस वर्षांत हे कलम मी हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या वेळा वापरलेलं पाहिलं. त्यातला एकजण माझा सख्खा चुलतभाऊ.

साल २०१२. पैनगंगेकाठी आमचं गाव, तिथे त्याची सहा एकर काळी. कापूस करायचा. वय एकतीस, दोन लेकरं. गांजा ओढायचा हे गावाला ठाऊक होतं, घरात मात्र कुणी बोलत नव्हतं. एकदा शहरात आला नि पिशवीसकट सापडला. पाव किलोही नव्हता. काकू माझ्या दारात येऊन बसली. मी वकीलसाहेबांना बोललो, त्यांनी कलम ३९ सुचवलं. त्याने गुन्हा कबूल केला. डॉक्टरचा कागद आला. मॅजिस्ट्रेटसाहेबांनी तेलुगूत नीट विचारलं : इलाजाला तयार आहेस का, काय करावं लागेल ते समजलं का? त्याला तेलुगू बाजारापुरती येते. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, म्हणजे ह्याला तुमच्या भाषेत सांगा.

मी काय सांगितलं? "हो म्हण आणि सही कर. नाहीतर सहा महिने आत."

त्याने हो म्हटलं. सही केली. जामीनदार म्हणून मीही केली. दहा हजारांची. ज्या वडिलांनी जन्मभर मराठी माणसाचं म्हणणं सरकारी भाषेत पोचवलं, त्यांच्या मुलाने सरकारचं म्हणणं आपल्याच भावाला मराठीत पोचवलं नाही. त्यावेळी मला एवढंच वाटत होतं की हे लवकर आटपावं, कोर्टातल्या माणसांसमोर शोभा नको.

मी त्याला हैदराबादला एर्रागड्ड्याच्या सरकारी मानसिक रुग्णालयात नेलं. इथून तीनशे किलोमीटरवर. तीन आठवड्यांत माणूस बदलून परत आला. अंग धरलं, रात्रीची झोप यायला लागली. डॉक्टरांनी महिन्या-महिन्याने बोलावलं होतं. पहिल्या महिन्यात गेला, दुसऱ्यात गेला. मग कापसाची वेचणी आली. जाण्यायेण्यात दोन दिवस मोडायचे, खर्च वेगळा. त्यातून शेजारी विचारणार, हैदराबादला काहून जाते हा? तिसऱ्या महिन्यात गेला नाही. चौथ्या महिन्यात पुन्हा धूर सुरू झाला, आता जोडीला दारूही. वर्ष संपलं, अहवाल नाही. त्याच्या नावाने वॉरंट निघालं, माझ्या नावाने नोटीस आली. दहा हजार मी भरले, तो शिक्षा भोगून आला आणि मी त्याच्याशी बोलणं टाकलं. चार माणसांत सांगायचो, "मी माझ्याकडून सगळं केलं."

पुढे घरच्यांनीच त्याला एका खाजगी केंद्रात घातलं. नाव लिहीत नाही, आपल्या जिल्ह्यातलं नव्हतं. रात्री गाडी आली, चार माणसांनी उचलला नि नेला. तीन महिने. डोकं भादरलं, मारलं, दाराला बाहेरून कुलूप. पैसे आम्हीच भरले. परत आला तो आठवड्यात पुन्हा ओढायला लागला. आज ह्याच गोष्टीची मला जास्त लाज वाटते. कोर्टाने निदान त्याला विचारलं तरी होतं. आम्ही घरच्यांनी तेवढंही केलं नाही.

आता त्याबद्दलही कायदा आहे. २९ मे २०१८ पासून नवा मानसिक आरोग्य कायदा लागू झाला. त्यात दारू नि नशेमुळे होणारा मानसिक त्रासही आजारात धरला आहे. साखळीने बांधणं बंद. अशा संस्थेची नोंदणी हवी. रोग्याला स्वतःला निर्णय घेता येत नसेल तरच नेमलेल्या नातेवाइकाच्या अर्जावर, दोन तज्ज्ञांनी तपासून, तीस दिवसांपर्यंत भरती करता येतं. मॅजिस्ट्रेटही कुणाला तपासणीसाठी पाठवू शकतात, पण त्या तपासणीसाठी दहा दिवसांहून जास्त ठेवता येत नाही. दारूच्या माणसाला कलम ३९ लागू नाही, त्याच्यासाठी ही वाट आहे.

२०१९ च्या उन्हाळ्यात माझी भावसून, म्हणजे ह्या चुलतभावाची बायको, घरी आली. आमच्याकडे बायका भासऱ्यासमोर उभ्या राहून बोलत नाहीत. ही समोर खुर्चीवर बसली. म्हणाली, "भाऊ, तुमचे पैसे गेले म्हणून तुम्ही बोलणं टाकलं. माझं काय काय गेलं ते मी कोणाले सांगू? आता आदिलाबादलेच सरकारी दवाखान्यात डॉक्टर आहे म्हणते. तुम्ही फक्त त्याच्यासोबत बसा. बाकी मी पाहतो."

मी गेलो. रिम्सच्या ओपीडीत बाकावर आम्ही दोघं भाऊ सात वर्षांनी शेजारी बसलो. काय बोलावं सुचेना, म्हणून मीच जुनं काढलं. "त्या वेळी तारीख काहून चुकवली रे?" तो माझ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "कोणती तारीख? मले वाटलं दवाखान्यातून सुटलो म्हणजे झालं. तू म्हणलं सही कर, म्या केली. काय लिहून हाय ते तू कुठी सांगितलं?"

मंडळी, चौतीस वर्षांत मी किती मुचलके लिहून घेतले असतील! त्या दिवशी पहिल्यांदा कळलं की मुचलका दोघांचा असतो. त्याने शब्द दिला होता तसा मीही दिला होता. मला वाटलं मी दहा हजारांचा जामीन आहे. खरं तर मी त्या वर्षाचा जामीन होतो. तिसऱ्या महिन्यात त्याला बसमध्ये बसवायचं काम माझं होतं.

बाहेरच्या जगातही ह्याच प्रश्नावर माणसं अडली होती. अमेरिकेत मायामीला १९८९ मध्ये नशेच्या केसेससाठी वेगळं कोर्ट सुरू झालं. तिथे न्यायाधीश त्याच माणसाला पुन्हा पुन्हा समोर बोलावतात : काय केलंस, कुठे अडलंस? पोर्तुगालने २००१ मध्ये स्वतःपुरता माल बाळगणाऱ्याला फौजदारी कोर्टातून काढून एका छोट्या समितीपुढे पाठवायला सुरुवात केली. त्यातलं सगळंच इथे चालेल असं नाही. पण दोन्हीकडे एक गोष्ट आहे, कुणीतरी वरचेवर विचारतं. आपलं कलम वर्षाच्या आत अहवाल मागतं. मधल्या महिन्यांत कोण विचारणार, हे त्यात लिहिलेलं नाही. ती जागा रिकामी आहे, आणि आपल्यासारख्या जिल्ह्यात ती घरच्यांनाच भरावी लागते.

आपलंच घर असं आहे असं कुणी समजू नका. २०१९ मध्ये केंद्र सरकारने एम्सकडून केलेली देशभरची पाहणी आली. त्यात दारूच्या आहारी गेलेल्या ३८ माणसांपैकी कशीबशी एकालाच इलाज मिळतो असं निघालं. बाकीचे ३७ कुठे आहेत? आपल्याच पंगतीत आहेत. आपण त्यांना वाढतो आणि पाठ वळली की कुजबुजतो.

चुलतभावाचं पुढे काय झालं? एकदम चांगलं झालं असं नाही. दोनदा घसरला. दोन्ही वेळा दुसऱ्या आठवड्यातच आम्ही डॉक्टरपुढे बसलो होतो, कारण आता मला कळलं होतं की घसरणं हा आजाराचाच भाग आहे, माझ्या नाकाचा प्रश्न नाही. ह्या दिवाळीत पाच वर्षं होतील. कापूस तोच करतो, भाव पडला की शिव्या पूर्वीसारख्याच घालतो.

म्हणून ताईंना आता पूर्ण उत्तर देतो. हो, कोर्ट इलाजासाठी पाठवू शकतं. पण केस होईपर्यंत वाट पाहू नका. स्वतःहून सरकारी किंवा सरकारमान्य ठिकाणी इलाज घेणाऱ्या व्यसनी माणसाला, थोड्या मालाच्या वा नशेच्या गुन्ह्यात खटल्यापासून सूट देणारं कलम ६४-अ त्याच कायद्यात आहे. इलाज मात्र पुरता करावा लागतो, अर्धा सोडला तर ती सूट जाऊ शकते. केस झालीच असेल तर वकिलाला कलम ३९ बद्दल विचारा. तो रोज पिणारा असेल आणि अटक झाली, तर हे पोलिसांना नि डॉक्टरला आधी सांगा, लपवू नका. कुठे विचारावं कळत नसेल तर १४४४६ हा सरकारचा नशामुक्तीचा फोन आहे आणि १४४१६ मानसिक आरोग्याचा, दोन्ही फुकट. कुठल्याही केंद्रात घालण्याआधी त्याची नोंदणी बघा, आणि आत जाऊन माणसं कशी ठेवली आहेत ते डोळ्यांनी बघा.

आणि ताई, जामीनदार लागला तर मला सांगा. मी येतो. तीन महिन्यांनी, सहा महिन्यांनी दवाखान्यात सोबत जायलाही येतो. पण सहीच्या आधी मुलाला समोर बसवून मुचलका मराठीत वाचून दाखवायचा, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत. नको म्हणाला तर काहून नको, तेही ऐकायचं.

तुमच्या घरातही अशी काही आठवण असेल तर लिहा. नाव टाकायची गरज नाही.